व्यसनमुक्ती : शपथ की शुश्रूषा?

सातारा-सांगली जिल्ह्यांत दारूच्या प्रश्नाचा विचार प्रायः दोनच अंगांनी होतो : एक नीतीच्या, दुसरा कायद्याच्या. म्हणून एकीकडे देवापुढे शपथ घेववली जाते, गळ्यात माळ घातली जाते. दुसरीकडे ‘उभी बाटली की आडवी बाटली’ असे मतदान घेऊन गावातील दुकान बंद केले जाते. या प्रयत्नांमागील तळमळ, विशेषतः स्त्रियांचा लढा, आदरणीय आहे. परंतु दुकान बंद झाल्यावर ज्याचे हात सकाळी थरथरतात त्या माणसाचे काय, या प्रश्नाचे उत्तर त्यांत नाही.

उत्तर नसले की घरची माणसे मिळेल ती वाट धरतात. जाहिरात वाचून मागवलेले औषध नकळत चहात मिसळले जाते. त्यात डायसल्फिराम असेल आणि त्यावर तो माणूस प्याला, तर जिवावर बेतू शकते. उलट, वर्षानुवर्षे पिणाऱ्याने शपथेखातर दारू एकाएकी तोडली, तर झटके व भ्रम यांचा धोका असतो. तेथे डॉक्टरच हवा.

व्यसनी हा गुन्हेगार नव्हे, रुग्ण आहे, ही दृष्टी महाराष्ट्रात रुजवण्यात १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’चा आणि साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी उभारलेल्या ‘परिवर्तन’चा वाटा मोठा आहे. तथापि केंद्रातून घरी परतल्यावर गाव तेच, सोबती तेच, कर्जही तेच असते. माण किंवा जत तालुक्यातील मजुराने रोज बुडवून दूरच्या शहरी किती खेपा घालाव्यात? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार मद्यविकाराच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे ८६ जण उपचारांवाचून राहतात.

या संदर्भात शेजारच्या गोव्यातील अनुभव विचारात घेण्यासारखा आहे. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षित समुपदेशकांनी, पिणे घातक ठरू लागलेल्या परंतु पूर्णपणे आहारी न गेलेल्या पुरुषांशी मोजक्या बैठकांत संवाद साधला. तीन महिन्यांनी शंभरातील ३६ जण सावरलेले आढळले. केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ होते. हा चमत्कार नव्हे. परंतु संसार उद्ध्वस्त होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही, एवढे यातून निश्चित सिद्ध होते.

खर्चाचा आक्षेप येईलच. दारूवरील उत्पादन शुल्क राज्याच्या अंदाजपत्रकात जमेच्या बाजूला दिसते. बुडालेली मजुरी, सावकाराचे व्याज, मुलीची सुटलेली शाळा हा खर्च मात्र कोणत्याच हिशेबात येत नाही. तो घरची स्त्री सोसते. या महसुलातील ठरावीक हिस्सा राखून प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एक प्रशिक्षित समुपदेशक नेमणे ही उधळपट्टी नसून हिशेबाची दुरुस्ती होय.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने व्यसनजन्य मनोविकारांनाही उपचारांचा हक्क दिला आहे. पुन्हा घसरलेल्या मधुमेह्याला कोणी शपथ मोडल्याचा दोष देत नाही. त्याची साखर पुन्हा तपासली जाते. व्यसनी माणसालाही गावाच्या दवाखान्याचे दार दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा उघडे मिळाले, तरच त्या हक्काला अर्थ राहील.