लक्षणांची वाट कशाला?

घोट्यांवर सूज आली की ‘चालणे फार झाले’, रात्री तीनदा लघवीस उठावे लागले की ‘वय झाले’, अन्नावरची वासना उडाली की ‘पित्त झाले’! रोगाला अशी सौम्य नावे देण्यात आपल्या सुशिक्षित घरांचा हात कोणी धरणार नाही. लघवीला येणारा फेस, सकाळी डोळ्यांभोवतीची सूज, सततचा थकवा, अंगाची खाज ही सारी मूत्रपिंड विकाराची चिन्हे असू शकतात. त्याहून गंभीर सत्य असे की, आरंभी हा विकार बहुधा कोणतेच लक्षण दाखवीत नाही.

मधुमेह व उच्च रक्तदाब ही त्याची प्रमुख कारणे. अशा रुग्णांनी दरवर्षी रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासून घेतले, तर तो वेळीच उमगतो. केंद्र शासनाने २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम हाती घेतला, हे स्तुत्यच. परंतु डायलिसिस हा अखेरचा आधार; त्याच्या भरवशावर आज निष्काळजी राहणे हा करंटेपणा होय.

परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडास घातक ठरतात, तशाच ‘स्वदेशी’ म्हणून खपविल्या जाणाऱ्या, घटकांचा उल्लेख नसलेल्या पुड्याही. आयुर्वेदाचा अभिमान बाळगणाऱ्याने वैद्यालाच वगळावे, हा कुठला अभिमान?

वस्तीत आरोग्य शिबिर भरविणाऱ्या कार्यकर्त्याच्या घरीच मधुमेही वडिलांची तपासणी वर्षानुवर्षे राहून जात असेल, तर त्या सेवेला अर्थ काय? समाजजागरणाचा आरंभ स्वतःच्या उंबरठ्याआड व्हावा.