रॉड सगळ्यात शेवटी

मासेमारीच्या सामानाचे रिव्ह्यू आणि लॅपटॉपचे रिव्ह्यू यात फारसा फरक नसतो. तिकडे कोअर किती ते मोजायचं, इकडे बेअरिंग किती ते. 'बारा अधिक एक बेअरिंग', 'हाय मॉड्युलस कार्बन', 'पाच पॉइंट दोन गिअर रेशो'... तासभर वाचलं की वाटायला लागतं, मासाही गळाला लागण्याआधी स्पेसिफिकेशन तपासून घेत असणार. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या आपल्यासारख्यांना हा आजार जरा लवकरच होतो.

हा विषय डोक्यात आला तो आमच्या सोसायटीतल्या एका मुलामुळे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत चाकणच्या एका कंपनीत इंटर्नशिप केली आणि त्यातले सहा हजार खास या कामासाठी बाजूला ठेवले. इंद्रायणीवर कणकेच्या गोळीवर चिलापी धरत लहानाचा मोठा झालेला मुलगा. आता त्याला समुद्रावर गरवायला जायचंय. साडेपाच हजाराचा एक कॉम्बो कार्टमध्ये टाकून ठेवला होता. रॉड, रील, दोरा, रंगीबेरंगी प्लॅस्टिकचे मासे भरलेला डबा, सगळं एकत्र. मला म्हणाला, "काका, घेऊ का?"

मी म्हटलं, नको. हे उत्तर त्याच्या एकट्यापुरतं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आपण प्रोजेक्ट कसा करतो? आधी रिक्वायरमेंट, मग डिझाइन, सर्व्हर विकत घ्यायचा तो शेवटी. (निदान कागदावर तरी :-)) इथे उलटं चालतं. रॉड आधी घेतला जातो, मग तो घेऊन जायचं कुठे याचा शोध सुरू होतो. खाऱ्या पाण्यात सामान ठरवते ती जागा. जेट्टीवरून सरळ खाली दोरी सोडायची असेल तर रॉडची गरजच नाही. कोकणातल्या कुठल्याही जेट्टीवर संध्याकाळी जाऊन बघा. प्लॅस्टिकच्या बाटलीला गुंडाळलेलं तंगूस, टोकाला वजन आणि गरी, एवढ्यावर एखादे आजोबा बसलेले असतात. बाजूच्या पंधरा हजाराच्या रॉडवाल्यापेक्षा त्यांच्या पिशवीत मासे जास्त असतात. वाळूच्या किनाऱ्यावरून लाटेपलीकडे आमिष टाकायचं असेल तर मात्र आठ-नऊ फुटी रॉड लागतो. खाडीच्या तोंडाशी सात फुटीसुद्धा चालतो. आणि खडकावर जायचं असेल तर प्रश्न रॉडचा राहतच नाही.

तो पाण्याचा होतो. नदीवर शिकलेल्या माणसाला ही एकच गोष्ट नवी असते आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. नदीचं पाणी पावसाळ्यात वाढतं, समुद्राचं दिवसातून दोनदा. अलिबागचा कुलाबा किल्ला आपण सगळ्यांनी बघितलाय. ओहोटीला चालत जायचं, घोडागाडीही जाते, आणि उशीर केला की परतीची वाट पाण्याखाली. हेच तुमच्या खडकाचंही होतं, फक्त तिथे हाका मारून बोलावणारा घोडागाडीवाला नसतो.

भरतीची वेळ आता मोबाईलवर मिळते, पण किनाऱ्यावरचा जुना हिशोब मला जास्त आवडतो, कारण तो अक्षरशः एका ओळीचा प्रोग्राम आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, भरती तीनच्या सुमाराला. पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला हे ढोबळपणे बरोबर येतं. खाली रत्नागिरी-गोव्याकडे भरती थोडी आधी लागते. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा मुंबईजवळ पाणी कधी कधी साडेचार मीटरच्या वर चढतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाण्याची हालचाल मवाळ. मासा बहुधा हलत्या पाण्यात खातो. भरती चढत असतानाचे दोन तास आणि ओहोटी सुरू होतानाचा तासभर, याच वेळेसाठी जायचं. दुपारी बारा ते चार उन्हात बसून 'मासेच नाहीत हो' म्हणणाऱ्याने आधी तिथी बघावी.

आपली गंमत अशी की आपल्याला सुट्टी शनिवार-रविवारी, आणि समुद्र चालतो पंचांगावर. पहाटे चारला उठून, घाट उतरून, खोपोली-पेण करत शंभर-सव्वाशे किलोमीटर गेल्यावर पाणी चुकीचं आहे म्हणून परत फिरायची कोणाची तयारी असते? मग 'आलोच आहोत तर' सुरू होतं. माझ्या मते समुद्रावरचं सगळ्यात धोकादायक वाक्य ते हेच.

१ फेब्रुवारी २०१६ ला पुण्याहून सहलीला गेलेले १४ कॉलेज विद्यार्थी मुरुडच्या समुद्रात बुडाले. ते मासे धरायला गेले नव्हते, पण वय तेच होतं आणि समुद्रही तोच. आणि आम्हा तळेगावकरांना तर लांबचं उदाहरण लागत नाही. १५ जून २०२५ च्या रविवारी कुंडमळ्याचा लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळला आणि चार जण गेले. त्यानंतर इथल्या कुठल्या आईला 'मी पाण्यावर जातोय' असं सहज सांगता येत नाही. या मुलाच्या आईनेही मला जिन्यात गाठून विचारलंच, "तुम्ही त्याला सामान घ्यायला मदत करताय म्हणे?" त्या प्रश्नातला सूर रॉडच्या किमतीबद्दलचा नव्हता.

म्हणून त्याच्या यादीत मी पहिल्या नंबरावर टाकलं लाइफजॅकेट. त्याला ते अजिबात आवडलं नाही. मित्र हसतील, गरम होतं, आणि "मला पोहता येतं, काका." पोहता येणं आणि लाटेने खडकावर आपटल्यावर पोहता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑस्ट्रेलियात न्यू साऊथ वेल्स राज्याने २०१६ साली यासाठी वेगळा कायदा केला. ठरवून दिलेल्या भागांत खडकावरून गळ टाकायचा तर लाइफजॅकेट घालावंच लागतं. आयुष्य समुद्राकाठी घालवलेल्या लोकांसाठी आहे हा कायदा. तळेगावच्या तळ्याकाठी वाढलेल्यांनी किती जपावं ते तुम्हीच ठरवा.

आता सामान. पटापट सांगतो, कारण खरं म्हणजे फारसं काही नाही.

रील स्पिनिंग प्रकारचं, चार हजार साइजचं. बेअरिंग मोजू नका. मिठाने आधी जाम होते ती दोरा जिथून वळतो त्या छोट्या रोलरची बेअरिंग, आणि साध्या पोलादाची तेरा बेअरिंग असली तर गंजायला तेरा जागा झाल्या. बेअरिंग चार असली तरी चालतील, पण ड्रॅग हळूहळू आणि न अडखळता सुटला पाहिजे. दुकानात दोरा हाताने ओढून बघा. ऑनलाइन ते करता येत नाही, हा माझा कॉम्बोवरचा मुख्य आक्षेप. बॉडी ग्राफाइटची, म्हणजे दिसायला प्लॅस्टिकच, असली तर नाक मुरडू नका. ती गंजत तरी नाही.

रॉड आठ फुटी, दोन तुकड्यांचा, काचतंतूचा किंवा मिश्र. शुद्ध कार्बन हलका असतो हे कबूल, पण खडकावर एकदा आपटला की त्याचं काही खरं नाही. शिवाय कार्बनमधून वीज वाहते, आणि ऑक्टोबरात परतीचा पाऊस कडाडत असताना उघड्या किनाऱ्यावर आठ फुटी कार्बन हातात धरून उभं राहणं मला तरी पटत नाही. एसटीत बरं पडतं म्हणून मुलं घडीचा टेलिस्कोपिक रॉड घेतात. तो वाळूत एकदा पडला की सांध्यांत कण अडकतात, मग धड उघडत नाही आणि धड मिटत नाही.

दोरा साधं नायलॉनचं तंगूस, ०.३५ मिलिमीटर, सव्वाशे-दीडशे मीटर. विणलेला ब्रेड सध्या फॅशनमध्ये आहे. तो बारीक आणि मजबूत असतो, लांबही जातो, पण नवख्या हातात त्याच्या गाठी होतात, बोट कापतं आणि खडकाला घासला की पटकन तुटतो. तो दुसऱ्या वर्षी. शेवटचा मीटरभर जाड तंगूस, मध्ये फिरकी, आणि १/० नंबरच्या डझनभर गऱ्या. आमिष म्हणून किनाऱ्यावरच्या बाजारातली कोळंबी किंवा माकुलाची पट्टी. प्लॅस्टिकच्या माशांचा डबा पहिलं वर्ष कपाटात राहू दे, म्हणजे घेऊच नका.

वजनांसाठी शिसं विकत घेण्याची गरज नाही. चाकण-भोसरी पट्ट्यात राहून नट विकत घ्यायचे म्हणजे कोकणात राहून नारळ विकत घेण्यासारखं आहे. भंगारातले जाड नट, जुने स्पार्क प्लग, सगळं चालतं. वजन मात्र मुख्य दोऱ्यापेक्षा कमजोर तंगुसाने बांधायचं. ते खडकात अडकलं की तेवढंच तुटतं, गरी आणि मासा दोन्ही परत येतात. शिसं समुद्रात कमी गेलं हा वरचा फायदा.

आणि मासा लागल्यावरचं सामान, ज्याचा विचार कोणीच करत नाही. लांब तोंडाची पक्कड हवीच. पहिल्या दिवशी रावस किंवा जिताडा लागेल अशी स्वप्नं असतात, हाताला लागतो शिंगाळा. त्याच्या पाठीवर आणि बाजूंना काटे असतात, विषारी. टोचला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा आणि मग डॉक्टर गाठायचा. म्हणून थर्मासमध्ये गरम पाणी हवं, चहा झाल्यावर उरलं तरी. फुगणारा केंड लागला तर घरी आणायचाच नाही, त्याचं विष शिजवून जात नाही. लहान पिल्लू असेल तर सोडून द्या. महाराष्ट्रात २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली आहे. नियम ट्रॉलर डोळ्यांपुढे ठेवून केला असेल, पण पिल्लू ते पिल्लूच.

आमचा हिशोब शेवटी असा झाला: रील अठराशे, रॉड पंधराशे, लाइफजॅकेट बाराशे, पक्कड आणि डोक्याला लावायचा दिवा पाचशे, गऱ्या-फिरक्या चारशे, तंगूस तीनशे. झाले सत्तावन्नशे. उरलेले तीनशे एसटीला, तेही बहुधा एकाच बाजूचे. म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी कॉम्बोत सगळे पैसे जात होते, त्यांना निम्म्याहून थोडे जास्त मिळाले. 'दोनच गोष्टी घे पण भारी घे' असं सांगणारेही आहेत, आणि चाळिशीतल्या, स्वतःची गाडी असलेल्या माणसासाठी ते बरोबरही असेल. विद्यार्थ्याचं सहा हजारात सगळंच बसवायचं असतं.

घरी आल्यावर रील धुवायचं, त्याच रात्री. कितीही दमलेले असा. ड्रॅग आधी घट्ट करायचा, म्हणजे पाणी आत जात नाही, आणि नळाची बारीक धार सोडायची. गाडी धुतात तशी जोराची धार मारली तर मीठ बाहेर येण्याऐवजी आत ढकललं जातं. मग पुसून, ड्रॅग सैल करून सावलीत ठेवायचं. रॉडच्या कड्यांनाही ओलं फडकं. दहा मिनिटांचं काम आहे. हॉस्टेलवर किंवा घरात पाणी येण्याची वेळ ठरलेली असेल तर एक बादली सकाळीच भरून ठेवा.