परतीचे तिकीट

गणपती उठले, की माझ्याकडे हिमालयाचे कागद येऊ लागतात. पूर्वी ती रेघी वहीची पाने असत, हल्ली छापून येतात आणि रकान्यांत रंग भरलेले असतात. पण कागद तोच. डावीकडे तारीख, मग मुक्कामाचे गाव, मग उंची, मग अंतर. मागच्या पानावर सामानाची यादी. घेऊन येणारा तरुण नम्रपणे म्हणतो, "काका, जरा नजर घालता का?" मी नजर घालतो आणि दरवर्षीचा प्रश्न विचारतो, "यातली कोणती ओळ तू सर्वांत आधी लिहिलीस?" तरुण गोंधळतो. खरे उत्तर 'शेवटची' असे असते. परतीच्या गाडीचे तिकीट आधी काढलेले असते. त्या तारखेपासून मागे मागे मोजत तो डोंगराच्या पायथ्याशी पोचलेला असतो आणि मधल्या जागेत हिमालय दुमडून बसवलेला असतो.

या प्रकाराला आपल्याकडे नियोजन म्हणतात. मी त्याला रजेच्या अर्जाचे परिशिष्ट म्हणतो.

उदाहरण एकच घेतो, कारण ते मला माहीत आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या कागदांपैकी बरेचसे त्याचेच असतात. नेपाळातली अन्नपूर्णेची प्रदक्षिणा. बेसीसहरपासून मर्स्यांदी नदीच्या काठाकाठाने चढत जायचे. चामे, पिसांग, मनांग ही गावे घेत थोरुंग ला ही 5416 मीटर उंचीची खिंड ओलांडायची आणि पलीकडे मुक्तिनाथला उतरून काली गंडकीच्या खोऱ्याने परतायचे. शाळिग्राम जिच्यात सापडतात तीच ही गंडकी. त्यामुळे घरातल्या आजीचाही या प्रवासाला आशीर्वाद असतो. रस्ता होण्यापूर्वी या प्रदक्षिणेला तीनेक आठवडे लागत. आता जीप मनांगपर्यंत जाते. बेसीसहर हजार मीटरांच्या आत, मनांग 3540 मीटरांवर. हे अंतर जीप एका-दोन दिवसांत काटते. अंगातले रक्त ते तेवढ्यात काटू शकत नाही, ही अडचण कागदावर कोठेच दिसत नाही.

अडचण काय आहे ते एकदा साध्या शब्दांत सांगितले पाहिजे. साडेपाच हजार मीटरांवर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याच्या आसपास येतो. प्राणवायू मिळवण्यासाठी शरीर श्वास वाढवते. श्वास वाढला की रक्तातला कर्बवायू उणा होतो, रक्ताचा तोल अल्काकडे झुकतो, आणि तो पुन्हा सावरायचे काम मूत्रपिंडांकडे येते. त्यांना त्यासाठी दिवस लागतात. तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे. म्हणून तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज सुमारे 500 मीटरांहून अधिक चढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा, असा नियम झाला. न पाळणाऱ्यांपैकी सगळेच मरत नाहीत. पुष्कळांचे नुसते डोके दुखते, काही ओकतात. थोड्यांच्या फुप्फुसांत पाणी भरते किंवा मेंदूला सूज येते. या शेवटच्या दोहोंवर पहिला उपाय एकच, तो म्हणजे ताबडतोब खाली उतरणे, आणि तेही कोणाला तरी बरोबर घेऊन.

हे ज्ञान परक्यांचे आहे, असेही कोणी समजू नये. 1962 च्या चीनयुद्धाच्या सुमारास आपले जवान सपाटीवरून उचलून एकदम अकरा हजार ते अठरा हजार फुटांवर नेण्यात आले. त्यांच्यापैकी 1925 जणांच्या आजाराचा अभ्यास इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी 1969 साली प्रसिद्ध केला, आणि जगातल्या या विषयाच्या अभ्यासकांना तो आजही पुढे ठेवावा लागतो. ही सगळी कवायत केलेली, धडधाकट माणसे होती. नऊ हजार ते बारा हजार फुटांच्या पट्ट्यात 6 दिवस, बारा ते पंधरा हजारांत 4, त्यावर आणखी 4, अशी आपल्या लष्कराची उंचीशी जुळवून घेण्याची शिस्त आहे. म्हणजे सैनिकाला चौदा दिवस. आणि कुर्ल्याहून गोरखपूरच्या गाडीत बसलेला आमचा बँकेतला कारकून नवव्या दिवशी सतरा हजार सातशे फुटांवर उभा राहणार, असे त्याच्या कागदावर लिहिलेले असते! सैनिकापेक्षा त्याचे शरीर कोणत्या धातूचे आहे, हे मला कळलेले नाही.

येथे सह्याद्रीचा अभिमान आडवा येतो. "काका, आम्ही कोकणकड्यावर रात्री काढल्यात, एका दमात कळसूबाई करतो." करा, जरूर करा. गुडघे, पोटऱ्या आणि छाती यांना त्याचा उपयोगच आहे. परंतु कळसूबाई 1646 मीटर. मनांगच्या गल्लीत चहा पीत उभा राहिलेला माणूस तिच्या दुपटीहून वर असतो. पायांची ताकद ही उंचीची तयारी नव्हे, उलट कित्येकदा तोच धोका ठरतो. दमछाक होणारा माणूस मुकाट्याने मागे राहतो आणि वाचतो. दमदार गडी एका दिवसात दोन मुक्काम गाठतो आणि रात्री खोकत बसतो. हॅकेट आणि रेनी यांनी एव्हरेस्टच्या वाटेवरच्या फेरिचे येथे 278 प्रवाशांची केलेली पाहणी 1976 साली प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिकांना विरळ हवेचा त्रास झालेला आढळला. आणि विमानाने लुक्लाला उतरून आलेल्यांत तो पायी चालत आलेल्यांपेक्षा जास्त होता. लुक्लाच्या विमानाचे जे, तेच मनांगच्या जीपचे.

आता सामानाच्या यादीकडे वळू. यादी मात्र सुरेख असते! पिसांचे जाकीट, कपाळावरचा दिवा, दोन प्रकारचे हातमोजे, सूर्यप्रकाशावर चालणारे विजेचे यंत्र, आणि शेवटी हटकून बाकरवडी. साठ-साठ जिन्नस मी मोजले आहेत. एक-एक मोजा तीन दुकाने फिरून घेतलेला. ज्याच्या निवडीला तीन आठवडे लागले, तो मोजा घालून चालायला दिवस मात्र नऊ. मोहिमेचा आराखडा पाकिटाच्या पाठीवर मावला पाहिजे, असे मत टिलमनच्या नावावर सांगतात, आणि आमचे तरुण ते मोठ्या कौतुकाने मला ऐकवतात. त्यांना मी विचारतो, की पाकिटावर काय मावायचे? 1934 साली टिलमन आणि शिप्टन हे दोघे आंगथार्के, पासंग आणि कुसंग या तीन शेर्पांसह ऋषिगंगेच्या घळीतून नंदादेवीच्या कुशीत पहिल्यांदा शिरले. पाच माणसे, जेमतेम सामान. पण महिने किती? मेपासून सप्टेंबरपर्यंत. सामानात ते कंजूष होते आणि दिवसांत श्रीमंत. आम्ही त्यांचे पाकीट तेवढे उचलले.

मी हे उंच आसनावर बसून बोलत नाही. 1994 सालच्या ऑक्टोबरात आम्ही पाचजण याच वाटेने गेलो तेव्हा कागद माझ्याच हातचा होता. तेव्हा जीप नव्हती, डुमरेहून खडखडत बेसीसहर आणि पुढे सगळी पायपीट. माझ्या कागदात मनांगला दोन रात्री होत्या आणि पुढे याक खर्काला एक. कागद चांगला होता असे मी आजही म्हणेन. परंतु मुगलिंगच्या रस्त्यावर दरड कोसळली आणि दोन दिवस गेले. ते भरून कोठून काढायचे? बेसीसहर ते मनांग या चालण्यातून काही निघेना. परतीचे तिकीट खिशात होते. मी पेन्सिल काढली आणि मनांगची दुसरी रात्र खोडली. मग याक खर्का खोडले. मनांगहून एका दिवसात थेट थोरुंग फेदी, 4450 मीटर. एका खाडाखोडीत नऊशे मीटर. मला आठवते, त्या रात्री कागद कसा सुटसुटीत दिसू लागला म्हणून मला बरे वाटले होते.

आमच्याबरोबर एक भरिया होता. नेपाळात ओझेवाल्याला भरिया म्हणतात. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा, खालच्या भातखाचरांच्या गावातला. उंचीशी त्याचा संबंध आमच्याइतकाच. भरिया म्हणजे डोंगरात जन्मलेला, त्याला काय होतेय, ही आमची समजूत होती आणि ती पुष्कळांची अजून आहे. आमच्या दोन पिशव्या एकत्र बांधून नाम्लोचा पट्टा कपाळावर घेऊन तो तीसएक किलो वाहत असे. पायांत कापडी बूट. फेदीला त्याने जेवण टाकले. पहाटे साडेतीनला आम्ही खिंडीसाठी उठलो तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता आणि "दाइ, टाउको दुख्यो" एवढेच म्हणत होता. डोके तर आमचेही दुखत होते. आम्ही त्याचा हिशेब केला, वर बक्षिशी दिली, उजाडल्यावर खाली जा म्हणून सांगितले आणि पिशव्या आपापल्या पाठीवर घेऊन निघालो. त्या बक्षिशीबद्दल आम्हांला आमचेच कौतुक वाटले, हेही लिहून टाकतो. मुक्तिनाथला पोचलो, एकशे आठ धारांखाली डोकी भिजवली, आणि गोरखपूरची गाडी वेळेवर पकडली.

तीन वर्षांनी, 1997 साली, थोरुंग लाच्याच वाटेवर वीस वर्षांचा एक भरिया असाच आजारी पडला. बरोबरच्या मंडळींनी त्याचे पैसे चुकते करून त्याला एकट्याला खाली पाठवले आणि तो मेला. भरियांच्या संरक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय मंडळ त्यातून उभे राहिले. ती हकीकत मी पुढे केव्हा तरी वाचली. आमच्या मुलाचे काय झाले हे मला माहीत नाही. त्याचे नाव मी विचारले होते. ते आठवत नाही. वहीत मात्र त्याची रोजची मजुरी नीट लिहिलेली आहे.

म्हणून मी कागदात दोन गोष्टी शोधतो. पहिली, भरियाचा रकाना. बूट, गरम कपडे, रात्रीचे छप्पर, विमा, आणि तो आजारी पडला तर त्याला घेऊन आपल्यापैकी कोण खाली उतरणार त्याचे नाव. हे नाव घरी, खुर्चीत बसून ठरवावे लागते. पहाटे साडेतीनला फेदीला ते ठरत नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो. दुसरी गोष्ट म्हणजे रिकाम्या ओळी. 12 ऑक्टोबर 2014 रोजी हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकले, ही वार्ता जगभर झाली होती. दोन दिवसांनी त्याचे उरलेले पाणी हिम होऊन अन्नपूर्णा-धवलगिरीच्या परिसरात कोसळले. किमान 43 माणसे गेली. त्यांत प्रवासी होते, तसे वाटाडे आणि भरियेही होते. जे गेले त्यांना दोष देण्याचे माझ्या मनात नाही, कोण का पुढे निघाला हे ज्याचे त्याला ठाऊक. मी फक्त समोरच्या कागदात पाहतो, की 14 तारखेला फेदीला आभाळ काळे असेल तर 15 तारखेलाही फेदीलाच, अशी ओळ त्यात कोठे बसते का? बसत नाही. 15 तारखेला मुक्तिनाथ आहे, 16 ला पोखरा आहे.

यावर मला जो जबाब मिळतो तो मी टाळणार नाही, कारण त्यात दम आहे. "काका, आम्हांला रजा बारा दिवसांची. तुमच्या हिशेबाने हिमालय फक्त निवृत्तांचा आणि धनिकांचा." प्रश्न रास्त आहे, निष्कर्ष चुकीचा. बारा दिवसांत थोरुंग ला बसत नाही, एवढेच सिद्ध झाले. हिमालय बसत नाही हे कोणी सांगितले? धारापानीपासून चालत निघा, चामे, पिसांग करीत मनांगला जा, तेथे दोन दिवस राहा, गंगापूर्णेचे तळे पाहा, मिलारेपाच्या गुहेपर्यंत चढा, आणि आल्या वाटेने जीपने उतरा. पाठीशी अन्नपूर्णेच्या भिंती असतीलच. पण खिंडीच्या पाटीपाशी काढलेले छायाचित्र नसेल, आणि तेथेच घोडे अडते. त्या पाटीसाठी नऊशे मीटर खोडले जातात.

दुसरा जबाब गोळ्यांचा आणि हेलिकॉप्टरचा. अॅसिटाझोलामाइडची गोळी मूत्रपिंडांच्या कामाला हात देते, हे खरे. ती जरूर घ्या, डॉक्टरांना विचारून घ्या. तिने दोन रात्रींचे काम एका रात्रीत होईल असे मात्र कोणत्याही डॉक्टराने म्हटलेले मी ऐकले नाही. आणि हेलिकॉप्टर ढगांत उतरत नाही. ज्या दिवशी त्याची सर्वांत जास्त गरज असते तो बहुधा ढगांचाच दिवस असतो. शिवाय ते विमा असलेल्यासाठी येते. भरियाचा रकाना रिकामा असेल तर ते कोणासाठी येणार, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

यंदाचा कागद आणणारा मुलगा समजूतदार निघाला. तासभर वाद घातला, चहा घेतला, मग त्याने थोरुंग लावर आडवी रेघ मारली. चौघांपैकी एकजण त्यावरून रुसला आणि दुसऱ्या गटात गेला. उरलेले तिघे मनांगपर्यंत जाऊन परतणार आहेत. तिकिटात बदल करायला दंड पडला, तो त्यांनी वाटून घेतला. परवा संध्याकाळी त्याचा पुन्हा फोन आला. भरियाच्या पायाचे माप आधीपासून कसे कळणार, असे तो विचारत होता. मी म्हटले, बेसीसहरच्या बाजारात त्याला बरोबर नेऊन घे. बाजार सकाळी लवकर उघडतो. पैसे तेवढे वेगळे काढून ठेव.