जपानला जावं ते वाढपी म्हणून

"पोरांना जपानच दाखवायचा ना? मग सिंहगड रोडला न्या. रिक्षाभाड्यात काम होतं."

पालकसभेत मागच्या रांगेतून हे वाक्य आलं आणि सगळे हसले. मीही हसलो. पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं, तेव्हा टोमणा अगदीच निराधार नव्हता. नातवाच्या शाळेची योजना अशी होती: नववीच्या मुलांनी दहा दिवस जपानमधल्या एका शाळेत जायचं, तिथल्या घरांत राहायचं आणि पुढच्या वर्षी तिकडच्या मुलांनी इकडे यायचं. पत्रकावर उद्देश छापला होता, 'संस्कृती आणि निरोगी जीवनशैली'. एवढ्या चार शब्दांवर दीड तास वाद झाला.

पहिला आक्षेप जुनाच, आपल्याकडे काय कमी आहे? योग आपला, सूर्यनमस्कार आपले, भाकरी-पिठलं आपलं. मग आरोग्य शिकायला सातासमुद्रापार कशाला? हे बोलणाऱ्या गृहस्थांच्या चिरंजिवांच्या दप्तरात रोज वेफर्सचं पाकीट असतं, हे मला नातवाकडून कळलंय. पण ते राहू दे. आक्षेपाची खरी चूक वेगळी आहे. एखादी गोष्ट परंपरेत असली की ती आपोआप ताटातही असते, असं त्यात धरून चाललेलं आहे. ओकिनावाला विचारा. दीर्घायुषी म्हाताऱ्यांचं बेट म्हणून त्याची जगभर ख्याती. युद्धानंतर 1972 पर्यंत तिथं अमेरिकेचा अंमल होता. डबाबंद मांस, बर्गर, मोटारी आल्या. 2000 साली आयुर्मानाच्या यादीत ओकिनावाचे पुरुष 47 प्रांतांमध्ये एकदम 26 व्या क्रमांकावर घसरले. रताळी आणि कारली खाणाऱ्या आज्या घरात होत्याच, नातवांनी बर्गर खाल्ले. परंपरा कुठं गेली नव्हती.

दुसऱ्या बाजूचे लोक, म्हणजे सहलीचे समर्थक, मला जास्त त्रासदायक वाटले. "जपानी माणसाच्या रक्तातच शिस्त हो!" असं म्हणत एका बाईंनी शाळेतल्या जेवणाचा व्हिडिओ दाखवला. पांढरे डगले, पांढऱ्या टोप्या घातलेली मुलं पातेली उचलून वर्गात आणतात, एकमेकांना वाढतात, सगळे मिळून 'इतादाकिमास' म्हणतात आणि जेवतात. सभा भारावली. आता रक्ताची गोष्ट निघालीच आहे तर या पंगतीचा इतिहास बघू. शाळेतलं पहिलं जेवण 1889 साली यामागाता प्रांतातल्या त्सुरुओका गावी सुरू झालं असं तिथं मानतात. बौद्ध भिक्षूंनी भिक्षा मागून गरीब मुलांना भाताचे गोळे, खारवलेला मासा आणि लोणचं दिलं. म्हणजे माधुकरीच की! वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पुण्यात हे ऐकून कुणाला नवल वाटायला नको.

पुढे महायुद्धात देश बेचिराख झाला. त्यानंतर शाळांमध्ये मुलांना मिळालं ते परदेशी मदतीतून आलेलं दूधपावडरीचं दूध आणि गव्हाचा पाव. शाळेतल्या जेवणाचा कायदा 1954 चा. आणि भात? भात या जेवणात रीतसर आला तो 1976 साली. आपल्याकडे 1972 च्या दुष्काळात सुकडी आणि मिलो खाल्लेल्यांना ही गोष्ट चांगली कळेल. ज्याला आपण प्राचीन संस्कृती समजून हात जोडतो ती आपल्या वयाच्या माणसांच्या हयातीत, कायदा करून, पैसा घालून, चुकतमाकत उभी केलेली व्यवस्था आहे. आहारशिक्षणाचा कायदा तर 2005 चा, आणि आहाराचे खास शिक्षक शाळांत नेमायला सुरुवातही त्याच वर्षी झाली.

नागानोचं उदाहरण तर मला फारच आवडतं. डोंगराळ, थंड मुलूख. हिवाळाभर खारवलेल्या भाज्यांवर जगायचं. मिठामुळे पक्षाघाताचे बळी फार. 1980 च्या दशकात मीठ कमी करण्याची मोहीम निघाली. गावातल्या स्वयंसेवक बायका घरोघर जाऊन मिसोच्या सारात मीठ किती ते मोजत, शेजारणीला समजावत. पुढे हाच प्रांत आयुर्मानात देशात अव्वल ठरला. रक्तात शिस्त असती तर दारोदार हिंडायची गरज का पडली असती? आपल्या आशाताई याहून वेगळं काय करतात?

म्हणून माझं म्हणणं असं, की मुलांनी जावं. पण पाहुणा होऊन नव्हे. मंदिरं, किमोनो घालून फोटो, चहाचा समारंभ, हे सगळं बसमधल्या पर्यटकालाही मिळतं. नववीतल्या पोराला जे मिळू शकतं ते दुसऱ्या कुणालाच नाही: वर्गातली वाढपाची पाळी. टोपी घालून जड पातेलं जिना चढून आणायचं, शेवटच्या मुलापर्यंत पुरेल असं वाढायचं, नंतर फडकं घेऊन वरांड्याची फरशी पुसायची. आपल्याआधी मुख्याध्यापकांनी तेच अन्न चाखलेलं असतं, हे तिथं कळतं. घरी ज्याच्या ताटाखालचा पाटही आजी उचलते त्या पोराला आरोग्य हे एकट्याच्या निग्रहाचं नसून चाळीस जणांच्या पाळीचं काम असतं, हे वाचून कळणार नाही. हात भरायला हवेत.

थेपले आणि मेतकुटाचं काय, हाही प्रश्न सभेत आलाच. तिथल्या बहुतेक सारांत सुक्या माशाचा अर्क असतो, हे खरं. शाकाहारी मुलांची सोय आधी ठरवून करावी लागेल, त्याला इलाज नाही. पण सुटकेसभर फराळ घेऊन दहा दिवस खोलीत बसायचं असेल तर जाऊच नये.

राहिला पैशाचा आक्षेप. तो खरा आहे आणि मी तो खोडणार नाही. लाखांतला खर्च करणाऱ्यांचीच मुलं जाणार असतील तर ती श्रीमंतांची सहलच. पण हा नियम निसर्गाने केलेला नाही. जपान सरकारचा साकुरा विज्ञान कार्यक्रम 2014 पासून निवडक विद्यार्थ्यांचा प्रवासखर्च स्वतः करतो; आपल्याकडच्या सरकारी शाळांतली मुलंही त्यातून जाऊन आली आहेत. शाळेने दहातल्या दोन जागांचा भार बाकीच्यांवर वाटावा, असं मी सुचवलं. त्यावर "बघू" असं उत्तर मिळालं.

मग मी मुद्दाम विचारलं, पुढच्या वर्षी ती मुलं इकडे येतील तेव्हा त्यांना दाखवणार काय? यादी तयारच होती: लेझीम, ढोल-ताशा, शनिवारवाडा, एका हॉटेलात महाराष्ट्रीय थाळी. मी म्हटलं, एक दिवस त्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेत नेऊ. दुपारच्या खिचडीच्या रांगेत बसवू. पहिली ते पाचवीच्या मुलाला 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा आपलाही नियम आहे. मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने चव घ्यावी, असाही आहे. 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने धान्याऐवजी शिजवलेलं अन्न द्यायला लावलं, तेही सांगू. खिचडी शिजवणाऱ्या ताई काय मिळवतात, हे त्यांनी विचारलं तर तेही सांगू. आणि आपल्या मुलांनी त्या दिवशी वाढपी व्हावं.

सभागृह गप्प झालं. थोड्या वेळाने पुढच्या रांगेतल्या एका पालकांनी हात वर केला. तिथं बाटलीबंद पाण्याची सोय असेल का, असं त्यांनी विचारलं.