‘सत्तांतर’ वाचताना

सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या घरी सध्या व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’वरून वाद चालू आहे. वानरटोळ्यांवरच्या या कादंबरीला १९८३ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नवा हुप्प्या पिल्लं मारतो, हे वाचून लेक रडली. सासरे म्हणाले, “बघ, सत्ता नराचीच असते. निसर्गच तो!”

मला हे मुळीच पटलं नाही. सारा हर्डी यांनी अबूच्या वानरांवर १९७७ साली पुस्तक लिहिलं. पिल्लं वाचवायला माद्या एकजुटीने लढतात, हे त्यात आहे. हुप्प्ये येतात-जातात, टोळी टिकते माद्यांमुळे. लेकी माहेरीच राहतात, मुलगेच घर सोडतात! (हा दाखला बाबांना चालेल?) मी तर घर चालवायला कुठलाच दाखला घेणार नाही.

पुस्तक लेकीकडेच आहे. दुसऱ्यांदा वाचते आहे.