थर्ड पार्टीवर डिस्काउंट? थांबा जरा!

धंद्यासाठी सेकंड हँड छोटा हत्ती घेतला की इन्शुरन्सचे फोन सुरू होतात. त्यातला एखादा म्हणतो, "साहेब, बाकीचे अठरा-वीस हजार सांगतील, मी थर्ड पार्टी नऊ हजारात करून देतो." माझं मत विचाराल तर तिथेच फोन ठेवा.

कारण हा दर ना कंपनी ठरवते, ना एजंट. तो केंद्र सरकार ठरवतं. २०२२ च्या अधिसूचनेत भाड्याने माल वाहणाऱ्या, ७५०० किलोपर्यंतच्या चारचाकीला १६,०४९ रुपये आहेत, टॅक्स वेगळा. घासाघीस चालते ती ओन डॅमेजच्या भागावर. मग नऊ हजारात कसं बसतं? बऱ्याचदा खरी पॉलिसी निघते, पण दुचाकीची! पीडीएफमध्ये गाडीचा प्रकार आणि रक्कम बदलून तीच तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येते. पॉलिसी नंबर खरा, म्हणून शंकाही येत नाही.

पकडलं तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड, तो परवडला हो. पण अपघातात कोणी दगावलं, तर भरपाई तुमच्या गल्ल्यातून जाऊ शकते. लाखांत.

म्हणून पैसे थेट कंपनीच्या खात्यात भरा, एजंटच्या पर्सनल यूपीआयवर नाही. एजंट मेहुणा असला तरी! पॉलिसी आली की कंपनीची वेबसाइट स्वतः टाइप करून उघडा आणि गाडीचा प्रकार, चेसिस नंबर, प्रीमियम जुळतोय का बघा. एमपरिवहन अ‍ॅपवरही नजर टाका. तफावत दिसली आणि पैसे ऑनलाइन गेले असतील, तर लगेच १९३० वर तक्रार करा. नवी पॉलिसी हातात येईपर्यंत गाडी दारातच उभी ठेवा.