आम्हांला चिंतामणी नको!

वाचकहो, दिवाळीच्या दिवशी कुणाच्या तोंडात कारले कोंबू नये, एवढे मलाही कळते. तुमच्या हातात चकली असेल, अंगणात मुले भुईचक्र फिरवीत असतील. तरीही आज मला भांडायचे आहे. आणि तेही एका मण्याशी!

गेल्या श्रावणातली गोष्ट. माझ्या सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर एक पोरगा दप्तराआड मोबाईल लपवून खेळत होता. मी तो काढून घेतला. पडद्यावर एक योद्धा, एक गुहा आणि गुहेत झगझगणारा निळा मणी. "हे काय रे?" म्हणून दरडावले, तर शिक्षेचे भय विसरून पोरगा म्हणतो, "सर, हा मनी भेटला ना, मंग काईच करा नाई लागत! मांगलं थे भेटते."

मी रागावणार होतो. पण माझ्याच बोटातल्या पुष्कराजाकडे लक्ष गेले आणि शब्द घशात अडकले. कादंबरी खपावी म्हणून एका ज्योतिषाच्या सांगण्यावरून, तीन महिन्यांची बचत ओतून, मी ती अंगठी घडविली होती. कादंबरी प्रकाशकाच्या माळ्यावर सुखाने झोपली आहे. पोराचा मणी निदान फुकटचा तरी होता!

आमच्या यवतमाळ जिल्ह्याला या मण्याची ओळख नवी नाही. नागपूरच्या रस्त्यावर कळंब लागते. तिथला गणपती चिंतामणी. देऊळ जमिनीच्या पोटात. पायऱ्या उतरून जावे, खाली पाण्याचे कुंड. गौतमाच्या शापाने पोळलेल्या इंद्राने त्याची स्थापना केली, अशी कथा आहे. ज्याच्या दारी कल्पवृक्ष, त्यालाही अखेर तपच करावे लागले!

थेऊरच्या चिंतामणीची कथा तर याहून बोलकी. कपिलमुनींपाशी इच्छिले ते देणारा मणी होता. त्याच्या बळावर त्यांनी गणासुराला ससैन्य जेवू घातले. त्या अतिथीने काय केले? हात धुतले आणि मणीच पळविला! गणपतीने असुराला मारून तो परत आणला. मुनींनी मात्र तो ठेवून घेतला नाही. गणपतीच्याच गळ्यात बांधला. आम्ही मणी तेवढा लक्षात ठेवला, तो नाकारणारा कपिल विसरलो. माझे भांडण आहे ते या विसरण्याशी.

कारण मण्याच्या मागे लागलेली माणसे केवळ पुराणात नसतात. कुणी गुप्तधनासाठी रात्री खड्डे खणतो. कुणी बिचाऱ्या मांडुळाला दोन तोंडे आहेत असे समजून त्याचा लाखांत सौदा करतो. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच वर्षी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी प्राण मोजले. कायदा कागदावर आला, मणी डोक्यातून गेला नाही.

आणि शहाणीसुरती माणसे? २००२ साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. बोंडअळीला रोखणारे ते बियाणे हे एक अवजार होते. आम्ही त्याचा चिंतामणी केला. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साध्या कापसाचे बियाणे येई. ते कडेने पेरावे, म्हणजे त्यावर वाढलेल्या किडीमुळे अळीला बीटीचे विष पचविण्याची शक्ती लवकर येत नाही, असा त्यातला हिशेब. किती धुऱ्यांवर ते पेरले गेले? बांधावर येऊन तो हिशेब समजावून सांगायला किती जण आले? विक्रेता आला, जाहिरात आली. समजावणारा आला नाही. पुढे गुलाबी बोंडअळी त्या विषाला पुरून उरली. २०१७ साली तिने कापूस खाल्ला. आणि त्याच हंगामात माझ्या जिल्ह्यात फवारणीचे विष अंगात भिनून वीसच्या आसपास माणसे मेली, शेकडो दवाखान्यांत पडली. अंगावर ना मुखवटा, ना हातमोजे. डोक्याएवढ्या पऱ्हाटीत उघड्या अंगाने विष उडविणारी माणसे ती!

कुणी म्हणेल, "मास्तर, गरिबाजवळ आशेशिवाय आहे काय? तीही हिसकावता?" नाही, महाराज! आशा त्याच्याजवळच राहू द्या. पण आशेच्या नावाखाली त्याला काचेचा तुकडा विकणाऱ्याचा हात धरा. आशा माणसाला पेरायला लावते. मणी त्याला वाट पाहायला लावतो.

त्या दिवशी मी वर्गाला कपिलमुनींची गोष्ट सांगितली आणि त्या पोराला विचारले, "तुला खरोखर मणी मिळाला, तर काय मागशील?" वाटले, सायकल मागेल, नवा मोबाईल मागेल.

तो खाली पाहत म्हणाला, "बाबाले फवाऱ्याले जा नाई लागलं पाह्यजे."

वर्ग गप्प झाला. मीही.

वाचकहो, हे मागणे पुरवायला कुठला मणी लागतो? धड मुखवटा लागतो, हातमोजे लागतात, बांधावर येणारा जाणता माणूस लागतो, कापसाला कष्टाचा भाव लागतो. हे सारे माणसांच्या हातचे आहे. म्हणूनच ते देवावर आणि मण्यावर ढकलणे आपल्याला सोयीचे जाते.

मोबाईल मी सुटी होताच परत दिला. अंगठी मात्र विकली. तिच्या पैशांतून काय घेतले, ते सांगत नाही. आमच्या गावच्या दोन-चार धुऱ्यांवर यंदा ते दिसले.